त्याला बोलू द्या

पुण्यातल्या एका फिल्म क्लबमध्ये जेम्स व्हेलचा १९३१ सालचा ‘फ्रँकेनस्टाइन’ लावला होता. पावसाळ्याचे दिवस, दारापाशी ओल्या छत्र्यांचा ढीग, खुर्च्यांवर बहुतेक कॉलेजातली मुलं. सिनेमात तो, म्हणजे मेलेल्यांचे तुकडे जोडून बनवलेला राक्षस, पहिल्यांदा खोलीत येतो ते पाठमोरा. दार उघडतं, पाठ दिसते, मग तो सावकाश वळतो आणि कॅमेरा दोन-तीन धक्क्यांत त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. तोवर सगळे शांत होते. मग त्याचा निर्माता हेन्री साखळी ओढून छताचं झाकण उघडतो आणि वरून उजेड खाली पडतो. जन्मल्यापासून अंधारात ठेवलेला तो जीव मान वर करतो, उठून उभा राहतो आणि दोन्ही हात वर नेतो. उजेड पकडता येईल असं त्याला वाटत असतं. तेवढ्यात माझ्या मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “सूर्यनमस्कार घालतोय बघ!” आणि अख्खी रांग फिस्सकन हसली.

त्या मुलावर माझा राग नाही. लहानपणापासून कार्टून, मुखवटे आणि जाहिरातींमधून बघितलेला चेहरा समोर आला की हसूच येणार. पण ते हसू घरी येईपर्यंत, आणि पुढे कितीतरी दिवस, माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण हसण्याच्या नादात त्या रांगेनं पुढचे दोन-तीन क्षण बघितलेच नाहीत. झाकण बंद होतं, उजेड जातो. तो हात खाली आणतो, पण पूर्ण खाली आणत नाही. तळवे उघडे ठेवून तो हेन्रीकडे बघतो. बोटं किंचित हलतात. अजून दे, एवढंच त्याला म्हणायचंय, आणि ते म्हणायला त्याच्याकडे हातांखेरीज काही नाही. पुढच्या क्षणी हेन्रीचा मदतनीस फ्रिट्झ पेटती मशाल घेऊन आत येतो आणि त्याच्या वाट्याला जो उजेड येतो तो असा, जाळणारा. पूर्ण सिनेमात त्याला एकही शब्द दिलेला नाही.

आणि मेरी शेलीच्या मूळ कादंबरीत तो किती बोलतो!

कॉलेजात असताना जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मिळालेली एक प्रत मी सुट्टीत वाचायला घेतली होती. पानं पिवळी, कोपऱ्यांना वाळवीचा वास. मला गडगडाट हवा होता, बुरूज हवा होता, विजेच्या ठिणग्या हव्या होत्या. मेरी शेलीनं त्याच्या जन्माचा तो सगळा प्रसंग काही ओळींत उरकलाय. नोव्हेंबरातली रात्र, काचांवर पाऊस, संपत आलेली मेणबत्ती, आणि एक मळकट पिवळा डोळा उघडतो. बस. त्याचा निर्माता व्हिक्टर (सिनेमातला हेन्री) घाबरून झोपायच्या खोलीत पळतो आणि चक्क झोपतो. जाग येते तेव्हा पलंगाचा पडदा बाजूला करून तो उभा असतो. तोंडातून काही अस्फुट आवाज येतात, आणि एक हात पुढे आलेला असतो. बहुधा व्हिक्टरला थांबवायला. व्हिक्टर तो हात चुकवून जिना उतरून पळतो. व्हेलच्या सिनेमानं कादंबरीतलं जवळजवळ सगळं फेकून दिलं, नावांची अदलाबदल केली, शेवट बदलला, पण हा पुढे आलेला हात मात्र ठेवला. म्हणून ते हसू मला लागलं असावं.

पुढे आल्प्समधल्या बर्फाच्या नदीवर दोघं पुन्हा भेटतात तेव्हा तो बोलायला लागतो, आणि मग कितीतरी प्रकरणं तोच बोलत राहतो. त्याची पहिली मागणी अगदी साधी आहे. माणसांचे कायदे कितीही क्रूर असले तरी गुन्हेगाराला शिक्षेआधी आपली बाजू मांडू देतात, तर तू माझं ऐकून घे. एका गरीब घराला लागून असलेल्या खोपटात लपून, फटीतून बघत तो भाषा कशी शिकला ते सांगतो. त्या घरातला फेलिक्स परदेशातून आलेल्या सफीला वाचायला शिकवतो, आणि फटीपलीकडे हा दुसरा विद्यार्थी बसलेला, ज्याची त्यांना खबरच नाही. रात्री तो त्यांच्यासाठी सरपण तोडून दारात ठेवतो. रानात सापडलेल्या एका चामडी पेटीतल्या पुस्तकांतून मिल्टन वाचतो, प्लूटार्क वाचतो, गटेच्या कादंबरीतल्या वेर्थरसाठी रडतो. मग धीर करून त्या घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जातो, कारण एवढा एकच माणूस त्याला बघून किंचाळणार नाही. ती भेट वाचताना छातीत धडधडतं. म्हातारा त्याच्याशी माणसासारखा बोलतो. आणि मग बाकीचे घरी येतात, आणि फेलिक्सची काठी.

हे सगळं एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीनं लिहिलं. जिनेव्हाजवळचा तो १८१६ चा थंड, अंधारलेला उन्हाळा, कवी बायरन, भुताच्या गोष्टींची पैज हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याच्या आदल्या वर्षाची तिची एक नोंद जास्त जवळची वाटते. १८१५ च्या मार्चमध्ये तिचं दिवस पूर्ण होण्याआधीच जन्मलेलं बाळ गेलं. काही दिवसांनी तिनं रोजनिशीत लिहिलं की स्वप्न पडलं, बाळ मेलंच नव्हतं, नुसतं गारठलं होतं, आम्ही त्याला शेकोटीपाशी चोळलं आणि ते जिवंत झालं. जाग आली तर बाळ नाही. तिची स्वतःची आईसुद्धा तिच्या जन्मानंतर दहा-अकरा दिवसांत गेलेली. मेलेल्याला ऊब देऊन उठवायचं हे ज्या बाईनं असं स्वप्नात बघितलं, तिच्या पुस्तकाला पडद्यावर प्रयोगशाळेतल्या बाटल्या आणि विजेचे लोळ एवढंच मिळालं की मला चुकल्यासारखं होतं.

पण इथे माझ्या तक्रारीला एक अडचण आहे, आणि ती खुद्द मेरी शेलीनंच करून ठेवली आहे.

त्याचा आवाज सिनेमानं काढून घेतला असं म्हणायची सवय आपल्याला आहे. खरं तर तो त्याच्या कितीतरी आधी, १८२३ साली, लंडनच्या रंगभूमीवर गेला. कादंबरीवरून रिचर्ड ब्रिन्सली पीकनं ‘प्रिझम्प्शन’ नावाचं नाटक केलं. त्यात तो मुका होता. प्रयोगशाळेतला घाबरट मदतनीस फ्रिट्झही तिथूनच आला, कादंबरीत तो नाहीच. इटलीहून विधवा होऊन परतलेली मेरी वडिलांना घेऊन ते नाटक बघायला गेली, आणि तिला ते आवडलं. जाहिरातीच्या पत्रकावर त्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. ज्याला नाव नाही त्याला असं नाव देणं छान आहे, असं तिनं एका मित्राला कळवलं. टी. पी. कुक नावाचा नट ती भूमिका करायचा. तो आधार शोधत कसा हात फिरवतो, ऐकू येणारे आवाज धरायला कसा बघतो, हे तिनं कौतुकानं लिहिलंय. आवाज धरायला बघणारे हात. एकशे आठ वर्षांनी कॅलिफोर्नियात एक नट उजेड धरायला बघतो. व्हेलला किंवा त्या नटाला कुकबद्दल काही ठाऊक होतं की नाही, त्यानं मला फरक पडत नाही. ज्याच्याकडून बोलणं काढून घेतलं त्याचे हात बोलायला लागणार, हे दोन्ही नटांना आपापल्या अंगातून कळलं होतं.

पडद्यावरचा पहिला ‘फ्रँकेनस्टाइन’ १९१० चा, एडिसन कंपनीचा, जेमतेम पंधरा मिनिटांचा मूकपट. त्यात जीव कढईतून उगवतो. पुतळा जाळून ते चित्रीकरण उलटं फिरवलंय, त्यामुळे राखेतून हाडं, हाडांवर मांस, असा तो वर चढत येतो. ऐंशी टक्के गंमत आहे त्यात, पण शेवटी एक मोठा आरसा येतो. तो आरशासमोर उभा राहतो आणि नाहीसा होतो, प्रतिबिंब मात्र मागे राहतं. मग फ्रँकेनस्टाइन आरशात बघतो तर त्याला स्वतःच्या जागी ते प्रतिबिंब दिसतं. सिनेमा अजून रांगत होता तेव्हाचं हे सुचणं मला थक्क करतं.

आता त्या १९३१ मधल्या नटाबद्दल. सुरुवातीच्या नामावलीत राक्षसासमोर नट म्हणून फक्त प्रश्नचिन्ह येतं. बोरिस कार्लॉफ हे नावसुद्धा घेतलेलंच, मूळचा तो विल्यम हेन्री प्रॅट. चाळिशी ओलांडलेली, कितीतरी किरकोळ भूमिका करून झालेल्या, मधल्या काळात पोटासाठी ट्रक चालवून झालेला. रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज चारेक तास त्याचा चेहरा रंगवायचा. सपाट डोक्यामागे पिअर्सचा हिशेब होता की शल्यक्रियेत कच्चा असलेला माणूस कवटी सरळ आडवी कापेल आणि मडक्याच्या झाकणासारखी परत बसवेल. पापण्यांवर मेण लावा, डोळे फार जिवंत दिसतायत, हे मात्र कार्लॉफनंच सुचवलं. दाढांचा एक बसवलेला तुकडा काढून त्यानं एक गाल आत ओढला. एवढा जड बूट, एवढं ओझं, आणि त्यातून बोटांची ती हालचाल.

याच कार्लॉफची आजी एलायझा आणि ‘द किंग अँड आय’मुळे जगभर गाजलेली अ‍ॅना लिओनोवेन्स या सख्ख्या बहिणी. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणारी ही अ‍ॅना १८३१ साली आपल्या नगरला जन्मली, कंपनी सरकारच्या फौजेतल्या एका सार्जंटची मुलगी म्हणून. लग्न पुण्यात झालं, १८४९ च्या नाताळात. पुढे आयुष्यभर तिनं सांगितलं की माझा जन्म वेल्समधला. नगर पुसलं, आईकडचं मिश्र रक्त पुसलं, बहिणीशी नातं तोडलं. मावशीकडे जाताना भिंगारच्या कॅम्पातून रिक्षा जायची, दोन्हीकडे जुनी झाडं, कौलारू बंगले, उन्हात तापलेली धूळ. हे कळल्यावर त्या रस्त्यानं जाताना माझं मन वेगळ्याच ठिकाणी असायचं. कार्लॉफचा सावळा वर्ण बघून हॉलिवूडनं त्याला सुरुवातीला अरब, मेक्सिकन, हिंदुस्थानी अशाच भूमिका दिल्या. ज्या घराण्यानं आपण कुठून आलो हे सांगायचंच नाही असं ठरवलं होतं, त्यातला हा पोरगा जगप्रसिद्ध झाला तो नाव नसलेल्या, कुणाचाच नसलेल्या जिवाची भूमिका करून. यातून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. तरी ते हात बघताना मला नगर आठवतं.

तळ्याकाठचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. छोटी मरिया त्याला न घाबरता फुलं देते, दोघं ती पाण्यावर सोडतात, ती तरंगतात. फुलं संपतात. मग तो मरियालाच उचलून पाण्यात टाकतो, तीही तरंगेल म्हणून. तीसच्या दशकातच सेन्सॉरनं या टाकण्यावर कात्री चालवली आणि पुढची पन्नासेक वर्षं बहुतेक प्रेक्षकांनी एवढंच बघितलं की तो मुलीकडे हात नेतो, आणि नंतर एक बाप मेलेली पोर हातांवर घेऊन गावातून चालत येतो. मधे काय झालं ते ज्यानं त्यानं आपापल्या मनात भरलं, आणि मनात भरलेलं पडद्यावरच्यापेक्षा किती भयंकर असणार! कापलेला तुकडा ऐंशीच्या दशकात परत जोडला गेला. चित्रपटाला वाचवायला लावलेली कात्री त्या जिवाला सर्वांत घाणेरडा आरोप चिकटवून गेली. मुक्या माणसाच्या बाबतीत हे फार सोपं असतं.

व्हिक्टर एरिसेचा १९७३ चा ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’ या प्रसंगाशी माझ्या माहितीतला सगळ्यात प्रामाणिक संवाद करतो. स्पेनमधलं यादवी युद्ध नुकतंच संपलंय, एका खेड्यात फिरता सिनेमा येतो, बायका घरून खुर्च्या घेऊन येतात, आणि काळ्याभोर डोळ्यांची आना हाच ‘फ्रँकेनस्टाइन’ बघते. बुडवण्याचा क्षण तिलाही दिसत नाही. ती अंधारात बहिणीला विचारते, त्यानं तिला का मारलं? आणि मग लोकांनी त्याला का मारलं? त्या छोट्या मुलीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आहे ते अभिनय म्हणण्यापलीकडचं आहे. दोन्ही प्रश्न ती एका दमात विचारते, एकाच तराजूत ठेवून. कादंबरीही हेच करते. बहुतेक सिनेमे एक प्रश्न निवडतात आणि दुसरा सोडून देतात.

व्हेलनं १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन’मध्ये त्याला थोडं बोलू दिलं. रानातला आंधळा साधू त्याला पाव देतो, दारू देतो, व्हायोलिन वाजवून दाखवतो, ‘मित्र’ आणि ‘चांगलं’ हे शब्द शिकवतो. कार्लॉफला हे बोलणं पसंत नव्हतं. त्याच्या मते न बोलण्यातच राक्षसाची जादू होती. त्या झोपडीत साधू देवाचे आभार मानतो आणि राक्षसाच्या गालावरून अश्रू ओघळतो, तिथे मला कार्लॉफचं म्हणणं पटत नाही. पुढे हॅमर कंपनीनं १९५७ मध्ये रंगीत, रक्ताळलेला ‘कर्स ऑफ फ्रँकेनस्टाइन’ काढला. पीटर कुशिंगचा थंड, देखणा बॅरन फ्रँकेनस्टाइन बघण्यासारखा आहे, पण त्या कंपनीचा जीव बॅरनमध्येच होता. राक्षस झालेला ख्रिस्तोफर ली तिथे निव्वळ जखमेसारखा वावरतो.

केनेथ ब्रानानं १९९४ मध्ये पुस्तकाच्या जवळ जायचा चंग बांधला. जहाज, उत्तर ध्रुवाचं बर्फ, व्हिक्टरच्या घरातल्या निरपराध जस्टिनची फाशी, सगळं आणलं. मी तो मोठ्या आशेनं बघितला आणि दमून गेलो. कॅमेरा एक क्षण जागेवर बसत नाही, संगीत श्वास घेऊ देत नाही, आणि उघड्या अंगानं धावणारा व्हिक्टर सगळी हवा खाऊन टाकतो. तरी त्यात एक जागा आहे. बर्फाच्या गुहेत रॉबर्ट डी नीरो शेकोटीपाशी बसून विचारतो, मला बासरी वाजवता येते हे तुला माहीत होतं का? ही विद्या माझ्या कुठल्या भागात होती? या हातांत? या डोक्यात? या काळजात? ज्या मेलेल्यांचे तुकडे जोडून त्याला बनवलं, त्यांच्यातल्या कुणाची तरी बासरी त्याच्या बोटांत राहिलीय. तेवढा वेळ कॅमेरा गप्प बसतो.

गिलेर्मो देल तोरोचा २०२५ चा ‘फ्रँकेनस्टाइन’ आला तेव्हा मी रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बघितला. त्यानं सिनेमाचे सरळ दोन भाग केले, आधी व्हिक्टरचं कथन, मग राक्षसाचं. राक्षस झालेला जेकब एलॉर्डी बोलायला लागला आणि मी ताठ बसलो. इतक्या मोठ्या सिनेमात इतका वेळ त्याला स्वतःच्या तोंडानं स्वतःची गोष्ट सांगू दिलेली बघून डोळे भरून आले. अंगावरचे तुकडे जोडल्याच्या रेषा सुद्धा देखण्या, संगमरवरासारख्या. आणि मग हळूहळू मला अस्वस्थ वाटायला लागलं. पुस्तकातला तो व्हिक्टरच्या लहान भावाचा, विल्यमचा, गळा दाबतो. मुलाच्या गळ्यातलं चित्र झोपलेल्या जस्टिनच्या कपड्यांत सरकवतो आणि त्या निरपराध पोरीला फासावर जाऊ देतो. लग्नाच्या रात्री व्हिक्टरच्या बायकोला, एलिझाबेथला मारतो, ठरवून, सांगून. देल तोरोकडे जस्टिनच नाही, आणि एलिझाबेथला लागते ती व्हिक्टरच्या बंदुकीची गोळी. शेवटी व्हिक्टर माफी मागतो, तो माफ करतो, सूर्य उगवतो. प्रेमापोटी केलंय सगळं, दिग्दर्शकाला तो लहानपणापासून जिवाभावाचा आहे हे प्रत्येक चौकटीत दिसतं. पण प्रेमापोटी त्याचे गुन्हे काढून घेतले की त्याच्या बोलण्यातली धार जाते. निरपराध माणसाचं ऐकून घेणं कुणालाही जमतं. मेरी शेलीनं आपल्याला एका लहान मुलाच्या खुन्याचं ऐकायला बसवलं होतं. ऐकता ऐकता त्याची बाजू पटायला लागते आणि त्याच वेळी विल्यमचा गळा विसरता येत नाही. व्हिक्टर तर मरताना जहाजाच्या कप्तानाला सावध करून ठेवतो की त्याच्या जिभेवर साखर आहे, विश्वास ठेवू नकोस.

व्हेलच्या मुक्या राक्षसालाही असंच बरंचसं निरपराध व्हावं लागलं होतं. मरिया खेळता खेळता मरते. न बोलणारा आणि लहान मुलाचा ठरवून खून करणारा, असं दोन्ही प्रेक्षकांना झेपलं नसतं. म्हणजे एकानं आवाज काढून गुन्हा सौम्य केला आणि दुसऱ्यानं आवाज दिला पण गुन्हा काढून घेतला. दोन्ही मला आवडणारे सिनेमे आहेत, पहिला तर फारच.

मला जो प्रसंग बघायचाय तो पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर आहे. व्हिक्टर मेलाय. जहाजाच्या केबिनमध्ये त्याच्या प्रेताशेजारी कप्तान वॉल्टनला तो सापडतो, केस चेहऱ्यावर, हात पुढे. माफी मागायची ती तो प्रेताकडे मागतो, उत्तर यायची शक्यता संपल्यावर. वॉल्टन विरघळत नाही. तो चिडतो. तूच घरांना आग लावलीस आणि आता राखेत बसून रडतोस, असं तोंडावर सुनावतो. त्यावर तो सहानुभूती मागत नाही, मला ती कधीच मिळणार नाही म्हणतो, आणि आपण काय काय केलं ते एक एक करून स्वतःच उच्चारतो. ब्रानाच्या सिनेमात हा प्रसंग आहे, पण तिथे चिता आहे, बर्फ फुटतंय, वाद्यवृंद गर्जतोय. इथे काहीच नको. एक लहान केबिन, एक मेलेला माणूस, एक संतापलेला माणूस, आणि बोलणारा तो. नटाला सगळी वाक्यं द्यावीत, संगीत लावू नये, कॅमेऱ्यानं नजर हटवू नये, आणि पुरती दहा मिनिटं त्याचं बोलणं मधेच तोडू नये.